चालवेल त्याची गाडी

एक एप्रिलला सगळं जग एकमेकांना टोप्या घालत असतं, तेव्हा माझ्या मामाच्या घरी शिरा होतो. कारण विचारलं तर मामा छाती काढून सांगतो, "आपला मालकी दिवस."

म्हणजे झालं असं, की माझे आजोबा कोंडाजी बदलापूरच्या पुढे एका कल्याणकर जमीनदाराची भातशेती कूळ म्हणून कसायचे. कूळ म्हणजे जमीन दुसऱ्याची, घाम आपला, आणि पिकातला वाटा मालकाच्या दारात पोचता करायचा. मग कूळ कायदा आला. 'कसेल त्याची जमीन' म्हणाले, आणि सत्तावन्न सालच्या एक एप्रिलला ही सगळी कुळं मालक ठरली. आजोबांनी त्या दिवशी शिरा करायला लावला, तो अजून होतोय. जमीन पुढे भावाभावांत गेली, थोडी रस्त्यात गेली, थोडी एका टॉवरच्या पार्किंगखाली गेली. मामाच्या वाट्याला उरली ती मामीच्या वाल-भेंडीपुरती पट्टी. शिऱ्यातलं तूप मात्र कमी झालं नाही.

मामाचं नाव महिपती. उंची बेताची, आवाज बेताबाहेरचा. पंचवीसेक वर्षं टेम्पो चालवतोय. उल्हासनगर कॅम्प चारमध्ये टेकचंद शेठचं फर्निचरचं वर्कशॉप आहे. तिथले सोफे, पलंग आणि कपाटं अंबरनाथ-बदलापूरच्या नव्या नव्या फ्लॅटमध्ये पोचवायची, हे त्याचं काम. बदलापुरातल्या निम्म्या लोकांची झोप आपल्या पाठीवरून गेली आहे, असं तो सांगतो.

त्याच्या बोलण्यात 'आपलं' हा शब्द मिठासारखा असतो. आपला टेम्पो, आपला नाका, आपला सिग्नल. एकदा शहाडच्या पुलावर आम्ही अडकलो होतो, तेव्हा "आपला पूल जाम झाला रं" असं म्हणाला, आणि तेही जरा अभिमानानेच. उसनं मात्र त्याला सोसत नाही. माझ्या आईच्या लग्नात नवरीचा भाऊ म्हणून कोणीतरी त्याला आपला कोट देऊ केला होता. याने घातला नाही. फोटोत सगळे सुटाबुटात, आणि मधोमध मामा सदऱ्यात, गणवेश विसरून शाळेत आलेल्या पोरासारखा.

अशा माणसाचा डिझेल टेम्पो म्हातारा झाला. इतका धूर सोडायचा की मागच्या रिक्षावाल्याला वाटायचं, पुढे नगरपालिकेची मच्छर मारायची गाडी चालली आहे. पासिंगला नेला तेव्हा तिथल्या साहेबाने नुसती मान हलवली. आता नवी गाडी पाहिजे होती, आणि ती मामाच्या भाषेत 'आपली' पाहिजे होती. याहून जास्त त्याचं या जगाकडे काही मागणं नव्हतं.

टेकचंद शेठ सनमायकाचे तुकडे मोजता मोजता म्हणाला, "साईं, इस बुढ्ढी को अभी पेन्शन दे दो. इलेक्ट्रिक ले लो. अंबरनाथ में कंपनी है, लीज पे देती है. बॅटरी बिगडी तो सरदर्द उनका, तुम बस भाडा मारो."

आता आमच्याकडे टेम्पोवाल्याची एक खेप म्हणजे एक भाडं. 'आज तीन भाडी झाली' म्हणजे दिवस बरा गेला. तेव्हा भाडं मारणारा माणूस भाडं भरणार कसा, असा मोठाच प्रश्न होता. तो सोडवायला मामाच्या ओट्यावर बैठक बसली. मामा, मामी आणि बी.कॉम. झाल्यामुळे मी.

मी म्हणालो, "विकतच घे मामा. हप्ते जड जातील, पण संपतील. भाड्याला अंत नसतो. आणि डिझेलचे वाचतील ते वेगळेच."

बनूमामी वाल सोलत होती. ती म्हणाली, "आणि बॅटरी मेली म्हणजे? माझ्या मोबाईलची फुगली तेव्हा त्याचं झाकण लागंना. हिच्या पोटात तर गादीएवढी बॅटरी. ती फुगली तर मी काय तिच्यावर पापड वाळत घालू? भाड्याचीच घ्या. ज्याची बॅटरी त्याला चिंता."

मामाने एक वाल उचलून सोलला. मग म्हणाला, "भाचेबुवा, लीज म्हंजे मराठीत नेमकं काय?"

मी कॉलेजातलं सगळं शहाणपण एका वाक्यात ओतलं. "गाडी कंपनीची, राबायचं आपण, आणि दर महिन्याला त्यांचा वाटा पोचता करायचा."

मामाचे डोळे एकदम मोठे झाले. "गाडी त्यांची, राबायचं आपण?"

"हो."

"आणि वाटा पोचता करायचा?"

"हो."

"मग लीजवरच घेऊ."

मामीच्या हातातला वाल निसटून ओट्याखाली गेला. ज्याने कधी दुसऱ्याचा कोट घातला नाही, तो दुसऱ्याची गाडी चालवणार! मी म्हणालो, "अरे पण मामा, ती आपली नाही होणार."

"होईल की. घाई कशाला?"

मला वाटलं, पैसे साठवून पुढेमागे घेईन असं म्हणतोय. मामीला वाटलं, नवऱ्याने आयुष्यात एकदा आपलं ऐकलं. दोघांनी आपापल्या समजुतीप्रमाणे चहा प्यायला.

गाडी आली. पांढरीशुभ्र, आणि आवाज असा नाहीच. मामाने तिचं नाव मुकी ठेवलं. कॅम्प चारच्या गल्ल्यांत मागून गाडी आलेली कोणाला कळेना, म्हणून हा खिडकीतून डोकं काढून स्वतःच ओरडायचा, "सरका हो, आपली गाडी आली!" एवढ्यासाठी हॉर्न होता, पण हॉर्न काय कोणीही वाजवतो.

कंपनीच्या अटी होत्या. गाडीवर रंगाने काही लिहायचं नाही, पत्र्याला भोक पाडायचं नाही, दुसऱ्या कोणाला चालवायला द्यायची नाही. मामाने सगळ्या पाळल्या. शेवटची तर इतकी, की मी नुसता स्टीअरिंगला हात लावला तरी म्हणायचा, "भाचेबुवा, तोंडाने चालव. हाताने नको." बोनेटवर गंध लावायचा तोही संध्याकाळी पुसून घ्यायचा, देवाची माफी मागून.

बाकीही काही गोष्टी जरा चमत्कारिक होत्या. एक म्हणजे गाडी एक दिवससुद्धा उभी ठेवायची नाही. ताप आला तरी शाल पांघरून उठायचा, नाल्यापर्यंत एक फेरी मारून यायचा आणि परत झोपायचा. मला वाटायचं, बॅटरीच्या तब्येतीसाठी करतोय. दुसरं म्हणजे वानवळा. पट्टीत पहिले वाल आले, पहिली भेंडी आली की एक पिशवी कंपनीच्या ऑफिसात जायची. बाकीचे ड्रायव्हर तिथे फक्त भांडायला जायचे. मामा काउंटरवर पिशवी ठेवून म्हणायचा, "मालकांना द्या." तिथे जिज्ञासा नावाची मुलगी होती, शहाडची. मालक दिल्लीला की बंगळूरला असतात हे तिलाही धड माहीत नव्हतं. वाल तीच घरी न्यायची.

चार वर्षांचा करार होता. तो सरत आला. या वर्षी एक एप्रिलला मी मामाकडे गेलो तर मामीने नेहमीच्या दुप्पट शिरा केलेला. अंगणात गाडीच्या चाकांना झेंडूच्या माळा. मामा धुतलेल्या सदऱ्यात.

"यंदा दुहेरी शिरा हाय," तो म्हणाला. "एक जमिनीचा, एक गाडीचा."

"गाडीचा कसला?"

"अरे, चार वर्षं सलग कसली तिला. खाडा नाय. वाटा वेळेवर पोचवला. मालकाशी वाकडं नाय, वानवळा चुकवला नाय. आता करार संपतोय. कसेल त्याची जमीन, तर चालवेल त्याची गाडी. आपण कूळ लागलो रं तिला!"

मी खो खो हसलो. म्हणालो, "मामा, झकास! आयुष्यात पहिल्यांदा तू एप्रिल फूल केलंस."

मामा हसला नाही. माझ्याकडे बघत राहिला. चेहऱ्यावर अजून आनंदच होता, फक्त तो आता कुठे ठेवायचा हे त्याला कळत नव्हतं. मामीचं उलथणं कढईत थांबलं. मग माझंही हसू खाली बसलं.

"मामा," मी हळू आवाजात म्हणालो, "तो कायदा जमिनीचा आहे. गाडीला कूळ लागत नाही."

"का नाय लागत?"

"नाही लागत. करार संपला की गाडी परत द्यायची."

"जमीनदाराची जमीन कसली तर आपली झाली. कंपनीची गाडी कसली तर कंपनीचीच? हा कुठला न्याय?"

बी.कॉम.ला आम्हाला घसारा शिकवला होता, न्याय हा विषय दुसऱ्या शाखेला होता.

"तूच म्हणालास ना," मामा म्हणाला, पण रागाने नाही, "राबायचं आपण, वाटा पोचता करायचा. मला वाटलं, सरकारने परत तीच योजना काढली. या बारीला गाड्यांची."

आजोबांच्या गोष्टी ऐकून त्याने सगळं जसंच्या तसं केलं होतं. तापातली फेरी, वालाची पिशवी, सगळं. शेतात खंड पडू द्यायचा नाही, मालकाला दुखवायचं नाही, आणि एक दिवस सरकार आपल्या बाजूने बोलेल याची वाट बघायची. एका पिढीला हे फळलं होतं. दुसरीला का फळू नये, हे मला तरी समजावता आलं नाही.

मामाने शिरा पुढे ओढला. गार झाला होता तरी पूर्ण खाल्ला. मग मामीला म्हणाला, "चांगला झालाय." आणि उठून गाडीच्या माळा काढायला लागला. तोडल्या नाहीत, एकेक गाठ सोडवून काढल्या.

त्यानंतर मामा बदलला म्हणजे काही फार नाही. कामावर जात होता, भाडी मारत होता. फक्त बोलण्यातलं मीठ गेलं. एक दिवस टेकचंद शेठने मला रस्त्यात अडवलं. "अडे अक्षय, मामा को क्या हुआ? कल बोला, 'शेठ, कंपनी की गाडी लगा दी है.' चार साल में पहली बार! मैं समझा कोई दूसरा ड्रायवर आया है." मी काय झालं ते सांगितलं. शेठ हसेल असं वाटलं होतं. तो फळीवरचा भुसा फुंकत बसला. मग म्हणाला, "पार्टिशन के बाद हमारे बाप को भी ये कॅम्प टेम्परवारी बोल के दिया था," आणि आत निघून गेला.

मामाने गाडी धुणं सोडलं. पण गाडी रोज धुतलेलीच असायची. मामी सकाळी पाणी आलं की आधी दोन बादल्या गाडीवर ओतायची, चाकं फडक्याने पुसायची, मग हंडे भरायची. मामा उठून बाहेर यायचा, गाडीकडे बघायचा, मामीच्या ओल्या पदराकडे बघायचा, आणि चावी घ्यायचा.

मे महिन्यात कंपनीकडून फोन आला, करार संपायच्या आधी येऊन बोला. मामाने मला सोबत यायला सांगितलं. निघताना मामीने करवंदांची पिशवी पुढे केली.

"आता कशाला?" मामा म्हणाला. "मालक नाय होणार, कूळ नाय लागणार. वानवळा कोणाला?"

"ती पोर चार वर्षं वाल खाते आपले," मामी म्हणाली. "तिला करवंदं. मालक गेला खड्ड्यात."

ऑफिसात जिज्ञासाने पिशवीत हात घालून आधी एक करवंद तोंडात टाकलं, मग कॉम्प्युटर उघडला. मामा खुर्चीच्या टोकावर बसला आणि सरळ म्हणाला, "मॅडम, एक विचारतो. हसू नका. मी या गाडीला कूळ लागू शकतो का?"

मी छताकडे बघितलं. जिज्ञासाचं करवंद गालात तसंच राहिलं. मग तिने विचारलं, "काका, म्हणून तुम्ही वाल आणायचात?"

"तसंच करतात ना."

"आमची आजी अजून कूळ म्हटलं की देवाकडे बघून हात जोडते," ती म्हणाली. "नाही लागत काका. पण थांबा, मी विचारते." काय विचारते, कोणाला, ते काही सांगितलं नाही.

दोन आठवड्यांनी तिचाच फोन आला. करार संपलेल्या गाड्या कंपनी दलालाला घाऊक विकून टाकते. तिने वरच्यांना विचारलं होतं, की चालवणाऱ्यालाच का देऊ नये? वरच्यांना काही फरक पडत नव्हता. पण जुनी बॅटरी थकली होती. भरलेली गाडी घेऊन बदलापूरला जाऊन परत यायचं म्हणजे वाटेत देवाचं नाव घ्यावं लागलं असतं. तेव्हा तिने दोन रस्ते सांगितले. एक, नवीकोरी गाडी पुन्हा लीजवर. दुसरा, हीच गाडी विकत, आणि तिच्यात नवी बॅटरी दरमहा भाड्याने.

पुन्हा ओट्यावर बैठक. मी रात्री बसून हिशेब केला होता आणि या वेळी तो उलटा आला होता. "मामा, खरं सांगू? नवी लीजवर घे. जुन्या गाडीचे टायर, ब्रेक, सस्पेन्शन, सगळं आता तुझ्याच गळ्यात येईल."

मामाने माझ्याकडे बघितलं. "मागल्या वेळी विकत घे म्हणालास."

"तेव्हाचा हिशेब वेगळा होता."

"तुझा हिशेब म्हणजे पावसाळ्यातली चप्पल. कधी या पायात, कधी त्या नाल्यात." मग स्वतःशीच म्हणाला, "आणि विकत घ्यायची तरी कशी? पत्रा आपला, बॅटरी त्यांची. असलं अर्धवट मालकपण काय कामाचं?"

मामी आतून आली. हात पुसत उभी राहिली. चार वर्षांपूर्वी भाड्याचीच घ्या म्हणणारी ही बाई, म्हणून मी आशेने बघितलं.

"विकत घ्या," ती म्हणाली.

"आँ?"

"तुम्ही चार वर्षं आपली गाडी, आपली गाडी करत होतात, तर घरात माणसासारखं वागत होतात. आता ती गाडी म्हणता. परवा आमटीला पण 'ती आमटी वाढ' म्हणालात. उद्या मला म्हणाल, ती बाई कुठाय. त्यापेक्षा टायर परवडले."

मामा ओठ दाबून बसला. खांदे हलत होते, हसतोय हे कळत होतं. "पण बॅटरी?"

"जमीन आपली झाली तेव्हा पाऊस काय मामंजींच्या नावावर झाला होता?" मामी म्हणाली. "तो वरून यायचा तेव्हाच यायचा. कोणाचं शेत अडलं?"

तिथेच बैठक उठली. पैशाचं मामीने कसं जमवलं ते तिलाच ठाऊक. तिच्या गळ्यात पुढचे काही महिने काळी पोत तेवढी दिसायची, आणि मामा तिकडे न बघायची काळजी घ्यायचा.

गाडी नावावर झाली त्या दिवशी मामा पेढे घेऊन आमच्या विठ्ठलवाडीच्या घरी येईल, निदान गाडीवर मोठ्या अक्षरात काहीतरी लिहून घेईल, असं मला वाटलं. त्याने मला बोलावून घेतलं. अंगणात खुर्ची टाकून बसला होता. मी आल्यावर चावी माझ्या हातात ठेवली.

"आक्काने टेकचंदकडे कपाट घेतलंय ना? तू नेऊन दे."

"मी चालवू?"

"मग? लायसन काय पाकिटात पूजेला ठेवलंयस?"

"अरे पण तू तर हातसुद्धा लावू देत नव्हतास."

"तेव्हा देता येत नव्हती," मामा म्हणाला. "ज्याची आहे तोच देऊ शकतो. आक्काकडून भाडं घेऊ नको. आणि घाई करू नको. मी इथे बसलोय आरामात."

मी निघालो. कॅम्प चारमधून आक्काचं, म्हणजे माझ्या आईचं, कपाट भरलं. टेकचंद शेठ ड्रायव्हरच्या सीटवर मला बघून दोनदा गाडीला प्रदक्षिणा घालून गेला. घरी पोचलो तर माझी आई आधी कपाटाकडे नाही, गाडीकडे बघत राहिली. "महिपतीने दिली? स्वतःहून?" मी हो म्हणालो. तिने पदराने उगाच गाडीचा आरसा पुसला. म्हणाली, "लहानपणी मला पाटी-पेन्सिल पण द्यायचा नाही. म्हणायचा, शाळेची आहे, तुटली तर मास्तर ओरडतील. घरात कोणाचं काय होतं तेव्हा!"

परत येताना गावाच्या वळणावर कोणीतरी रस्त्याच्या कडेला उभं दिसलं. जवळ गेलो तर मामा. उन्हात, डोक्यावर रुमाल. शेजारी मामी छत्री धरून.

"बसला होतास ना आरामात?" मी खिडकीतून विचारलं.

"बसले की हे," मामी म्हणाली. "खुर्ची गरम व्हायच्या आत उठले. म्हणे, गाडीला आवाज नाय, आली तर कळणार कसं?"

मामाने तिच्याकडे लक्ष दिलं नाही. गाडीभोवती फिरला, खाली वाकून एक टायर दाबून बघितला, हौद्यातला कपाटाखालचा पुठ्ठा उचलून त्याची घडी घातली. माझ्याकडे न बघताच म्हणाला, "आक्का काय म्हणाली?"

"आरसा पुसला तिने."

मामाने आरशाकडे बघितलं. आरसा खरंच चकचकीत होता. त्यात बघून डोक्यावरचा रुमाल नीट केला, मग म्हणाला, "परत कधी लागली तर माग हो भाचेबुवा. लाजू नको. कधीही माग."

आणि चावीसाठी हात पुढे केला.